पांढरीवरच्या सात आसरा

माझ्या साडूंइतका खाली बघून चालणारा माणूस साऱ्या कृष्णाकाठी सापडायचा नाही. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सांगलीच्या वरच्या अंगाला, अगदी नदीच्या काठावर त्यांचं गाव. तिथेच ते पोस्टमन होते, पण पत्रं वाटताना त्यांचं लक्ष पत्त्यावर कमी आणि पायाखालच्या खापरांवर जास्त. मेव्हण्याच्या लग्नात मांडवाच्या खड्ड्यातून एक काळं-तांबडं खापर निघालं, तर हे अंतरपाटाशेजारी उकिडवे बसून ते थुंकी लावून पुसत राहिले. भटजींनी ‘सावधान’ म्हटलं तेव्हा नवऱ्यामुलाआधी हेच दचकले. त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, जन्माची एकच तक्रार, “ह्यास्नी अख्खं काय आवडतच न्हाई!”

त्यांचा सगळा जीव गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडात. फार जुनी वस्ती गाडली गेली की तिथली माती राखेसारखी पांढुरकी होते. खाली कुणाची तरी घरं असणार, आणि कधीतरी जाणकार येऊन ती हलक्या हाताने उकरतील, एवढीच अण्णांची इच्छा. पण पावसाळ्यात नदी टेकाडाचा काठ तोडून न्यायची आणि उन्हाळ्यात गाव. ही माती उसाला लय भारी, म्हणून ट्रॉल्यांच्या ट्रॉल्या भरायच्या. अण्णा ट्रॅक्टरपुढे आडवे व्हायचे. “अण्णा, उठा, कापडं खराब हुतील,” म्हणत लोक त्यांना प्रेमाने उचलून बाजूला ठेवायचे आणि पुन्हा भरायला लागायचे. अण्णांनी अर्जांचा पाऊस पाडला. उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं पोचवलेल्या या माणसाला कुठल्याशा कचेरीतून एकदाच उत्तर आलं : नोंद घेतली आहे.

शेवटी हताश होऊन त्यांनी आयुष्यातली एकमेव लबाडी केली. टेकाडावर सात दगड मांडले, शेंदूर फासला आणि पारावर सांगून टाकलं, “आसरा हायत तितं. माती उचलंल त्याच्या घरात पानी शिरंल.” नदीच्या या देवींशी आमच्याकडे कुणी खेळत नाही. ट्रॉल्या बंद! अण्णांनी मला मिरजेला फोन केला, “पाव्हणं, सरकारला जमलं न्हाई ते सात धोंड्यांनी केलं!”

मग बायका नैवेद्य आणू लागल्या. कुणाच्या पोराचा ताप उतरला, कुणाची म्हैस गाभण राहिली. आसरा एवढ्या पावल्या, की टेकाड सपाट करून त्यांना पक्कं देऊळ बांधायचं गावाने ठरवलं. नारळ फोडायचा मान अर्थातच अण्णांचा.

मी गेलो होतो. फेटा बांधलेले अण्णा जेसीबीपुढे नारळ धरून उभे होते. “आता तरी खरं सांगा,” मी कानाशी म्हणालो. तेवढ्यात एक म्हातारी नातीला त्यांच्या पायावर घालत म्हणाली, “अण्णा, तुमच्यामुळं वाचली बघा पोरगी.” अण्णांनी त्या पोरीकडे बघितलं आणि नारळ फोडला.

जेसीबीचा पहिला घास उचलला गेला आणि अण्णा ओरडत पुढे धावले, “चूल! चूल हाय ती! राख बी हाय आत!” लोकांना वाटलं, अंगात आलं. त्यांनी भंडारा उधळला. दुसऱ्या घासाला तिथे काही उरलं नाही.

परतताना त्यांनी फेटा सोडून काखेत मारला. मग माझा हात धरून म्हणाले, “पाव्हणं, तुमी तरी बघितली न्हवं चूल? कुनीतरी बघितल्याली पायजे.”

“बघितली की, अण्णा,” मी म्हणालो.

खोटं बोललो. मी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.