शुक्रवारची कचरागाडी

आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी घरातली वस्तू परक्याच्या हाती देत नाहीत. शेजारणीला चमचाभर विरजणसुद्धा नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. आणि पंचायतीने सुका कचरा गोळा करायला नेमके हेच दोन वार धरले. ठरवणारे सगळे पुरुष. घरातून काय कधी बाहेर जातं, याचा त्यांना काय पत्ता!

गाडी चालवायची मी. गाडी कोण चालवणार असं बचत गटात विचारलं तेव्हा मीच हात वर केला आणि बसवकल्याणला जाऊन शिकून आले. शिकवणाऱ्याच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं, ते सोडून द्या. माझं माहेर धनगराचं. वडिलांची एक गाभण मेंढी पोट फुगून मेली. पोट फाडलं तर आत प्लास्टिकच्या पिशव्यांचा गच्च गोळा. वडील तो गोळा समोर ठेवून कितीतरी वेळ बसले होते. तेव्हापासून उकिरड्यावर पिशवी दिसली की माझं डोकं फिरतं. ही गाडी मला गावात हवीच होती.

पण गाडी रिकामी फिरायची. मी भोंगा वाजवायची, बायका दारात येऊन गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "उद्या ये ग." आदल्या दिवशी पोती बाहेर काढून ठेवा म्हटलं, तर रात्रीतून कुत्र्यांनी ती फाडून गल्लीभर केली. वार बदला म्हणून पंचायतीच्या साहेबांकडे गेले. आमचं गाव मराठी बोलणारं, पण कर्नाटकातलं. ते कन्नडात म्हणाले, बाकीचे वार दुसऱ्या गावांना दिलेत. तुमच्या लोकांना नकोच असेल तर गाडी कायमची तिकडेच पाठवतो. येत्या शुक्रवारी मी स्वतः येऊन बघतो.

मी दारोदार फिरले. सगळ्या "व्हय, व्हय" म्हणाल्या, आणि त्यातली एकही देणार नाही हे मला कळत होतं. घरी तर उघड नकारच होता.

"कचरा असला म्हणून काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या घरातलाच हाय न्हवं? शुक्करवारी मी कुणाला काडीबी देणार न्हाई."

"मंग गाडी जाईल."

"जाऊ दे की."

मी तांब्या असा आदळला की त्याला पोचा पडला. पण शुक्रवारी गाडी काढायची म्हणजे काढायची.

साहेब माझ्या शेजारी बसले. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलो. बायका पदर सावरत दारात उभ्या, हात रिकामे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी साहेब म्हणाले, "बस झालं. गाडी वळवा."

मी वळवली नाही. "सर, माझी गल्ली राहिलीय," म्हणाले, आणि थेट स्वतःच्या दारात नेऊन उभी केली. भोंग्यावरचा हात काढलाच नाही. राग आला होता, रडूही येत होतं.

सासूबाई बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. आत गेल्या आणि सुक्या कचऱ्याचं पोतं ओढत घेऊन आल्या.

शेजारची म्हातारी ओरडली, "अक्का, आज शुक्करवार हाय! काय करायलाव?"

"ठाव हाय मला," सासूबाई म्हणाल्या. "पर ही काय परकी हाय व्हय? सून हाय माझी. सुनंच्या हातात दिलं तर घरातच राहिलं की."

आणि पोतं त्यांनी खाली ठेवलं नाही, माझ्या हातातच दिलं.

म्हातारीने पदर खोचला. मग आत वळत म्हणाली, "थांब ग पोरी. माझीबी सूनच हाईस तू."

पलीकडचं दार वाजलं, मग त्याच्या पलीकडचं. गाडी मागे इतकी भरली की एक पोतं साहेबांना मांडीवर घ्यावं लागलं. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मला एक सासू होती. त्या शुक्रवारी दारोदार सासवा झाल्या, आणि गाडी आमच्याच गावात राहिली.