सईचा फायटर आणि माझा मोठा फिल्टर

"लेकरावर पानी बेतानं वतावं, त्याचा जीव केवढा हाय!" पहिल्या बाळंतपणात सासूबाई म्हणाल्या होत्या. आज ते आठवून लाज वाटली.

मैत्रिणींनो, शेजारची सई गावी जाताना तिचा फायटर मासा माझ्याकडे ठेवून गेली. त्याच्या टाकीतला तिचा स्पंजचा फिल्टर मला कळकट वाटला, म्हणून मोठा घ्यायला गेले. चिखलीतला दुकानदार म्हणाला, "ताई, फायटरला स्पंजच बरा. मोठा फिल्टर त्याला ओढून घेईल."

"स्वस्तातलं नको, भाऊ," मी ऐटीत म्हणाले आणि मोठाच आणून टाकीत बसवला.

आज सकाळी मासा फिल्टरच्या जाळीला चिकटलेला. सोडवला, जगला, पण शेपटी फाटली.

दुपारी सई परतली, तिला सगळं सांगितलं. "काकू, माझा फिल्टर घाण नव्हता," एवढंच म्हणाली.

सई, नाहीच म्हणशील, तरी विचारते: दिवाळीत गावी जाताना त्याला पुन्हा माझ्याकडे ठेवशील?