भुलीआधीचा गूळ

आमचे डॉक्टर सुरी हातात घेण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करत, असं आमच्या जयपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात आजही सांगतात. भूल देणारा म्हणून मी शेजारीच उभा असे. ती प्रार्थना नव्हती. वासराच्या बेंबीपाशी हर्नियाचं भोक किती बोटांचं आहे, ते चाचपत असत. ‘‘डोळे उघडे ठेवले की बोटं आळशी होतात,’’ म्हणत. मूळचे परभणीचे. इतकी वर्षं इथं काढूनही हिंदी परभणीचीच बोलत.

एकदा जवळच्या चाकसू गावची एक बाई कालवड घेऊन आली. बेंबीला पेरूएवढा फुगा. नवरा म्हणत होता, गळू आहे, तापल्या सुरीनं फोडतो. डॉक्टरांनी फुगा दाबला, तो सुळकन पोटात गेला.

‘‘गळू अंदर नहीं जाता, माई. ये आतडं है. फोडते तो मर जाती.’’

बाईनं कालवडीला जवळ ओढलं. घरात तेवढंच एक जनावर होतं.

‘‘कल सी देंगे. तब तक भूखीच रखो.’’

भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं, की वासरू हातचं जातं. बाईनं कालवडीला उपाशी ठेवलं आणि स्वतःही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या ऑपरेशन टेबलाचं उद्घाटन होतं. पाहुण्यांना फोटोसाठी गोमाता हवी होती. त्यांनी समोर दिसलेल्या आमच्या कालवडीच्या तोंडात गुळाचा खडा सारला.

‘‘अरे, भूखी रखनी है!’’ बाई ओरडली.

डॉक्टर धावले. जबडा फाकवून त्यांनी खडा बाहेर काढला आणि लाळेसकट पाहुण्यांच्या हातावर ठेवला. ‘‘सरजी, पकडो. बाद में खाएगी.’’

‘‘डॉक्टरसाब, मुख्य अतिथि हैं!’’ आमचे प्रमुख कुजबुजले.

‘‘असू देत. त्यांना कुठं भूल द्यायचीय?’’ हे मराठीत, माझ्याकडे बघून.

बाहेर भाषण चालू होतं, तेवढ्यात आम्ही भोक शिवलं. तीन बोटांचं निघालं. कालवड संध्याकाळी उभी राहिली आणि बाईची ओढणी चघळू लागली. डॉक्टर दारातून पाहत होते. आत आल्यावर बराच वेळ हातच धूत राहिले.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. शोकसभेला चाकसूहून ती बाईही आली, मागच्या खुर्चीवर डोळे पुसत बसली. वक्ते मात्र संपेनात. चौथे बोलायला उठले, तशी तीही उठली. कालवड आता दुभती आहे, आणि धारेच्या वेळेला चाकसूला पोचायचं होतं.