भिंतीपलीकडची मराठी

कुंभकोणमहून नाचियारकोविलच्या बसने निघून भातशेतांच्या मध्येच उतरलं, की आमचं गाव. वस्ती भरपूर, पण मराठी बोलणारी आता दोनच माणसं उरलीत: मी आणि भिंतीपलीकडे राहणारी माझी जाऊ. आमची रीत जुनी, उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ.

गेल्या वर्षी तिच्या मोरीचं पाणी माझ्या अंगणात आलं आणि आम्ही गल्लीत उभ्या राहून भांडलो. गल्लीत, म्हणून सवयीने तमिळमध्ये! घरात भांडलो असतो तर कुणाला एक अक्षर कळलं नसतं. आता सगळ्या गावाने ऐकलंय, मग आधी बोलायचं कुणी? मी तर मुळीच नाही.

मुलगा म्हणतो, चेन्नईला ये. तिथे सून तमिळ, नातवंडंही तमिळच बोलणार. मी काय भिंतींशी बोलू?

रोज दुपारी जाऊ परसात मांजरीवर मराठीत ओरडते, "मेले, जेवलीस का? गुडघा दुखतो का अजून?"

मांजरीचा कसला डोंबलाचा गुडघा! मी भांडी घासायची थांबते आणि भिंतीकडे पाठ करून माझ्या केळीला मोठ्याने सांगते, "दुखतो."