माणिकपूरचा केळीवाला

आमच्या घरात लिहिणारा मीच पहिला; चुकलं तर माफ करा.

माणिकपूरला कॉलेजच्या वाटेवर एक केळीवाला बसायचा. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला की गिऱ्हाइकालाही बोट दाखवून थांबवायचा. एकदा मला म्हणाला, "कॉलेजवाल्या, रेडिओला पत्र लिव. माझ्या इहिरीचं पानी खारं झालंय, केळी करपतात. काय करू, इचार."

"नाव काय लिहू?"

"नाव कशाला? माणिकपूरचा केळीवाला लिव."

भाषा शुद्ध करण्याच्या नादात पत्र महिनाभर माझ्या वहीतच राहिलं. शेवटी टाकलं, आणि एका संध्याकाळी रेडिओवर उत्तर आलं: 'माणिकपूरच्या केळीवाल्यांनी बाग तोडू नये, पावसाचं पाणी विहिरीत सोडावं.'

सकाळी धावत गेलो. त्याची जागा रिकामी होती. शेजारची फूलवाली म्हणाली, "गेल्याच आठवड्यात बाग तोडली त्याने. तुझ्या रेडिओची लय वाट बघितली रे."