हाताला लागणारं पाणी

किशोरी धुरी कातळावरच्या गावात जन्मली. तिथे मे महिन्यात पाणी म्हणजे घाटी उतरायची आणि डोक्यावर हंडा घेऊन पुन्हा चढायची. पुढे सावंतवाडीला शाळेत शिक्षिका म्हणून लागली, भाड्याच्या खोलीत नळ आला, तरी बादल्या भरून ठेवायची सवय गेली नाही. निवृत्तीनंतर पिंगुळीजवळ जागा बघायला गेली, ती माती बघायचं विसरली आणि विहीर बघून आली. भर मे महिन्यात नुसतं वाकून कळशी बुडवावी इतकं पाणी वर! तिने लगेच जागा घेतली आणि घर बांधलं.

"पाणी हाताक लागता गो!" असं ओरडून तिने शेजारच्या अक्काला पेढा दिला. अक्काने तो खाल्ला आणि बोटं पुसली.

मेमध्ये पाणी एवढं वर, तर आषाढात कुठे असेल? जन्मभर पोरांना शिकवणाऱ्या बाईला हे कळू नये? आषाढात ते घरात होतं. घराखाली होता पावसात पाणी साचणारा जुना भाताचा मळा, वर खाणीतली लाल माती ओतून सपाट केलेली. संडासाचा शोषखड्डा उलटा वर ओकू लागला, विहिरीला वास येऊ लागला. तिने चर खणून घेतला, तर जवळच्या भरलेल्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं पाणी त्याच चरातून आत आलं. घराचा कोपरा खचला, भिंतीला भेग गेली. संतापाने तिचं डोकं फुटायची वेळ आली.

"अक्का, मळो आसा ह्या तुका म्हायत होता मां? सांगलंस कित्याक नाय?"

"तू इचारलंस खंय? नि पेढे वाटणाऱ्याक कसा सांगतलंय?"

त्या पेढ्याचा राग किशोरीच्या मनातून कधीच गेला नाही.

शेवटी तिने घर विकायला काढलं. कसालला उंचावर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, पण हे विकल्याशिवाय त्या मिळणार नव्हत्या. दलालाने भेग बुजवली, रंग मारला आणि बजावलं, "बाई, मेमध्येच दाखवायचं. पुढचं विहीर बघून घेईल."

मेमध्ये तेजस्वी नावाची तरुण पोरगी आणि तिचा नवरा घर बघायला आले. पोरीने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. विहिरीत वाकून कळशी बुडवली आणि नवऱ्याला हाक मारली, "अरे, पाणी हाताक लागता!"

दलाल खूश झाला. कुंपणापलीकडे अक्का उभी होती, नेहमीसारखी गप्प. किशोरीने तो गप्प चेहरा बघितला आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठेव ती कळशी!" ती पोरीवर खेकसली. "विहीर काय बघतंस? आषाढात येवा! हयच गुडघाभर पाण्यात उभे रवा, नि मगे काय ता ठरवा!"

पोरगी दचकली. नवऱ्याने दलालाकडे पाहिलं, दलालाने गाडीकडे. थोड्या वेळात अंगण रिकामं झालं.

"विकला गेला आसता गो," अक्का म्हणाली.

"माका म्हायत आसा!" किशोरी ओरडली. मग आत जाऊन तिने जमिनीवरचे तांदळाचे डबे एकेक करून माळ्यावर चढवायला घेतले.