बांधावरून ओरडलेला पासवर्ड

कुंडलिकतात्या कारखान्याकडे चिटबॉय म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. निवृत्तीला पाच महिने उरले, डोक्यावरचे केस गेले, तरी हुद्दा चिटबॉयच. शेतकऱ्याने ऊस लावला की बांधावर जायचं, क्षेत्र मोजायचं, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून घ्यायची, एवढंच ते काम. पण त्या तारखेवर पुढे सोळा महिन्यांनी तोडीचा नंबर लागतो. ज्याची लागण आधी, त्याच्या फडात ऊसतोडीची टोळी आधी. म्हणून खालच्या वाडीत चिटबॉयच्या वहीला वजन होतं. छत्तीस वर्षांत तात्यांनी त्या वहीतली एक तारीख इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण होता.

मग वही गेली आणि मोबाईल आला.

मोबाईलशी त्यांचं वाकडं नव्हतं. तो हातात धरून शेताच्या कडेने फिरलं की क्षेत्र आपोआप निघायचं, साखळी ओढायची दगदग वाचली. अडचण होती ती पासवर्डची. तो किमान आठ अक्षरांचा पाहिजे. त्यात इंग्रजीतलं एक मोठं अक्षर पाहिजे, एक छोटं पाहिजे, आकडा पाहिजे, आणि तात्यांनी जन्मात कशात वापरलं नव्हतं असलं एक चिन्ह पाहिजे. हे सगळं जमवून तोंडपाठ होईपर्यंत तीस दिवस भरायचे आणि ॲप म्हणायचं, नवा ठेवा. जुने पाच चालणार नाहीत. तीनदा चुकलं की कुलूप. कुलूप पडलं की कारखान्याच्या गट ऑफिसला फोन करायचा, मग तिथली ऑपरेटर प्राची ते उघडून देणार.

हे व्हायचं नेमकं कुणाच्या तरी बांधावर, चार माणसं उभी असताना. तात्या पाठ फिरवून हळू आवाजात फोनवर बोलायचे, तरी ऐकू जायचंच. एकदा रावजी म्हणाला, "तात्या, भाकरी खाऊन येऊ का तवर?" माणसं हसली, तात्याही हसले. पण ज्याला कुणाच्या वावरात किती सऱ्या ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, त्याला आठ अक्षरं लक्षात राहत नव्हती. गाडीवर बसून घरी जाताना कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

तोड त्यांना उसानेच दाखवली. एका दुपारी प्राची नवा पासवर्ड मागत होती आणि तात्यांना सुचत नव्हतं. समोर कोएंबतूरचा शहाऐंशी झिरो बत्तीस उभा होता. ही जात कागदावर लिहिताना पहिला सी मोठा, ओ छोटा, पुढे पाच आकडे. सात झाली. पुढे ते गोल वेटोळ्याचं चिन्ह टाकलं, आठ. ॲपने निमूट घेतलं.

त्या दिवसापासून तात्यांना जातींचा आधार मिळाला. पुढच्या महिन्यात फुले दोनशे पासष्ट, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी एक. सहाशे एकाहत्तर बसवून बघितला, तो एका अक्षराने कमी पडला. पासवर्ड टाकताना ते एका बोटाने एकेक अक्षर दाबायचे आणि ओठ हलवत म्हणायचे. आजूबाजूची माणसं ऐकायची. बायका खुरपता खुरपता विचारायच्या, "तात्या, ह्या महिन्यात कंचा ऊस लावलाय मोबाईलात?"

प्राचीने एकदा सांगितलंही होतं. "तात्या, कुणाला सुचणार नाही असा ठेवत जा."

"कुणालाच सुचंना असा मला तरी कुठनं सुचायचा, बाई?"

ती हसली आणि तो विषय तिथेच राहिला.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बापूसाहेबांच्या आठ एकराची नोंद घ्यायला तात्या गेले. बापूसाहेब म्हणजे वाडीतलं वजनदार माणूस, पण शेत बघायचा त्यांचा मुलगा दिग्विजय. तात्यांचा गुडघा त्या दिवशी धरला होता. आठ एकराला फेरी मारायची म्हणजे जीव जायचा. दिग्विजय म्हणाला, "तुमी बसा लिंबाखाली, तात्या. द्या हिकडं मोबाईल, मी येतो फिरून." मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही हा नियम होता. तात्यांनी दिला.

दिग्विजय पार पलीकडच्या कोपऱ्यात पोचला आणि तिथून त्याने हाक मारली, "तात्या, बंद झालं की हे. पासवर्ड मागतंय."

तात्यांनी गुडघ्याकडे बघितलं, मग त्या कोपऱ्याकडे. आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "शहाऐंशी झिरो बत्तीस! सी मोठा! फुडं वेटोळं!"

शेजारच्या वावरातल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. तात्यांनाही हसू आलं. दिग्विजय फेरी मारून आला, मोबाईल परत दिला. लागणीची तारीख तात्यांनी स्वतः टाकली, एकोणतीस जुलै. चहा झाला.

यंदा नोव्हेंबरात गट ऑफिसच्या भिंतीवर तोडीची यादी लागली. सोमवार होता, तोडीच्या चिठ्ठ्या मिळण्याचा दिवस, म्हणून ओसरीवर वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यात द्वारकाबाई आल्या. त्यांचा नवरा दत्तोबा तात्यांच्या थोरल्या भावासारखा. तो जाऊन चार वर्षं झाली होती. दोन एकर ऊस त्या एकट्या सांभाळत. ऊस निघाला की कालव्याच्या पाण्यावर त्याच रानात गहू पेरायचा, वर्षभराची पोळी त्यावर. गहू नोव्हेंबरअखेर पडला तर पडला, अर्ध्या डिसेंबरावर गेला की दाणा भरत नाही. म्हणून त्यांचं सगळं त्या चिठ्ठीवर होतं.

त्यांनी यादी दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि तात्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुंडलिकभावजी, बापूसाहेबांचा ऊस माझ्या आधी कसा?"

तात्यांनी मोबाईल उघडला. बापूसाहेब, दोन जुलै. द्वारकाबाई, पाच जुलै.

"त्यांची लागण तीन दिस आधी हाय, वैनी."

"न्हाय. माझी लागण बैलांचा बेंदूर झाल्यावर दोन दिसांनी. तवा त्यांच्या रानात नांगूर व्हता. त्यांचीच बैलं माझ्या बांधाला चरत व्हती."

माणसं ऐकू लागली. तात्यांच्या मनात काहीतरी हललं. दोन जुलै ही तारीख त्यांना ओळखीची वाटेना. पण एवढ्या माणसांत, पाच महिने राहिलेले असताना, आपल्या तारखेवर कुणी बोट ठेवावं हे त्यांना सोसलं नाही.

"वैनी, वय झालं की बेंदूर मागंफुडं व्हतो," ते म्हणाले. "मोबाईल खोटं कशाला बोलंल?"

दोघंतिघं हसले. द्वारकाबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. पदर खांद्यावर ओढला आणि गेल्या. तात्या मोबाईलमध्येच बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी खिशातली जुनी डायरी काढली. मोबाईल आला तरी सवयीने ते त्यात टिपण ठेवत. गेल्या वर्षीचं पान सापडलं. बापूसाहेब, आठ एकर, एकोणतीस जुलै. अक्षर त्यांचंच होतं. द्वारकाबाई, पाच जुलै.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. प्राचीला म्हणाले, "बापूसाहेबांची तारीख कवा बदलली ते दिसतं का, बाई?"

तिने बघितलं. "अठरा सप्टेंबर, सकाळी अकरा. बदलणाऱ्याचं नाव..." तिने वर बघितलं. "तुमचंच आहे, तात्या."

तात्यांनी डायरीत अठरा सप्टेंबर काढला. त्या दिवशी ते बारामतीला डोळे दाखवायला गेले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, मोबाईलवरचं अक्षर दिसत नव्हतं. मुक्काम जळोचीला लेकीकडे. पण ॲप कुणाच्याही मोबाईलवर उघडायचं, पासवर्ड ठाऊक असला की झालं. सप्टेंबरात पासवर्ड दोनशे पासष्ट होता. ऑगस्टचा ज्याने ऐकला, त्याला सप्टेंबरचा ओळखायला कितीसा वेळ? अख्ख्या वाडीत मिळून पाच-सहाच तर जाती.

"तुम्ही सांगितला होता का कुणाला?" प्राचीने विचारलं.

सांगितला होता म्हणावं तर कुणाकुणाचं नाव घ्यायचं?

साहेब आल्यावर तात्या त्यांच्या खोलीत गेले आणि आधी दार लोटलं. तरुण शेतकी अधिकारी होता, तात्यांच्या धाकट्या पोराच्या वयाचा. तात्यांनी सगळं सांगितलं. गुडघा सांगितला, लिंब सांगितला. ओरडलो म्हणताना आवाज इतका खाली गेला, की साहेबाने पुन्हा विचारलं.

"ओरडून सांगितला?"

"व्हय साहेब."

साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने दिग्विजयला फोन लावला. पलीकडून दिग्विजय म्हणाला, आपल्याला काही माहीत नाही, तात्यांनीच काहीतरी दाबलं असेल, त्यांना कुठं जमतंय ते. साहेबाने फोन ठेवला. तारीख दुरुस्त केली. बापूसाहेबांच्या फडात टोळी दोनच दिवस झाली होती, ती काढून गुरुवारी द्वारकाबाईंकडे लावायचं ठरलं. नवी चिठ्ठी सोमवारी निघणार होती, पण टोळीला त्याने फोनवरच सांगितलं. आणि तात्यांना म्हणाला, "लेखी खुलासा द्यावा लागेल, तात्या. नियम आहे."

"देतो," तात्या म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी खुलासा लिहिला नव्हता. कागद घेतला आणि आधी वर तारीख घातली.

संध्याकाळी ते द्वारकाबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात शेंगा निवडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. तात्या उभ्यानेच बोलले.

"वैनी, चूक झाली व्हती. तारीख नीट केली. बिस्पतवारी टोळी येती तुमच्याकडं. गव्हाला कालव्याच्या पाण्याचं आवर्तन गावंल तुमाला."

"बरं झालं."

"तुमीच खऱ्या व्हता."

"ते मला ठावं व्हतं, भावजी." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "कुणापाशी कबूल केलंसा?"

"सायबापाशी."

"दार लावून?"

तात्यांना वाटलं, हिला कुणी सांगितलं? मग कळलं की कुणी सांगायची गरजच नव्हती.

"मला खोटी पाडली ती वीस माणसांत," द्वारकाबाई म्हणाल्या. "ती माणसं सायबाच्या खोलीत न्हवती. त्यातला एकजण काल दुकानात म्हणाला, काकू, औंदा बेंदूर कवा हाय? हे असं मेल्यापातुर म्हणत्याल. हितली माणसं इसरत न्हाईत."

"मी काय करू म्हणता?"

"मी कोण सांगणारी." त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या.

गुरुवारी टोळी आली, ऊस पडू लागला. तात्या त्या बाजूला फिरकले नाहीत. बुधवारपासून त्यांना जेवण गेलं नव्हतं. वाटायचं, टोळी तर लागली, गहूही पडेल, आता आणखी काय पाहिजे? आणि लगेच ओसरीवरचं ते हसणं कानात यायचं. तो विनोद त्यांनीच केला होता. तो करताना त्यांना बरं वाटलं होतं, हे सगळ्यात वाईट होतं. तारीख दुसऱ्याने बदलली होती. तो शब्द मात्र त्यांचा स्वतःचा होता, त्याला कुणाचा पासवर्ड लागला नव्हता.

सोमवारी ओसरी भरली. दिग्विजय मोटारसायकलला टेकून उभा होता. द्वारकाबाई खांबापाशी बसल्या होत्या. प्राची खिडकीतून चिठ्ठ्या द्यायला लागणार इतक्यात तात्या म्हणाले, "जरा थांब, बाई."

माणसं वळली. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली, मग टोपी का काढली हेच त्यांना कळेना, म्हणून परत घातली.

"मागल्या सोमवारी मी हितं वैनींस्नी म्हणालो, वय झालं की बेंदूर मागंफुडं व्हतो. ते खोटं व्हतं. त्यांची तारीख खरी. मोबाईलातली दुसऱ्या कुणीतरी बदलली, आन् ती बदलता आली कारण माझा पासवर्ड मी वावरात उभं राहून ओरडून सांगितला. तुमच्यातल्या निम्म्यांस्नी तो ठावं हाय. मला लक्षात ऱ्हात न्हाय, म्हणून मी उसाची नावं ठेवायचो." त्यांनी खांबाकडे बघितलं. "त्या दिवशी मला संशय आला व्हता. तरी मी वैनींस्नी हसलो."

दिग्विजयने मोटारसायकलची चावी फिरवली, पण सुरू केली नाही. मागून रावजीचा आवाज आला, "मग तात्या, आता कंची जात लावली?" एकदोघांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो गप्प बसला.

द्वारकाबाई उठल्या. खिडकीशी जाऊन त्यांनी आपली चिठ्ठी घेतली आणि तात्यांपुढे धरली.

"वाचा, भावजी."

"वैनी, ऊस तर तुटतोय की तुमचा."

"तरी वाचा."

तात्यांनी चष्मा लावला. "द्वारकाबाई दत्तोबा," त्यांनी वाचलं. "दोन एकर. लागण, पाच जुलै."

सगळ्यांनी ऐकलं. द्वारकाबाईंनी चिठ्ठी परत घेतली, नीट घडी घातली आणि पायऱ्या उतरल्या. पायरीखाली मागल्या सोमवारी हसलेले दोघंजण उभे होते, ते त्यांना वाट द्यायला बाजूला सरकले. त्या मागे न वळता वाटेला लागल्या. तात्या भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसले. प्राचीने पुढचं नाव पुकारलं.